परत आलेला एक जण

(लूक १७ : ११-१९)



प्रभु येशू यरुशलेमाकडे जात असतां शोमरोन व गालील यांच्या सीमेवरील एका गांवाशीं दहा कुष्ठरोगी त्याला भेटले. ते दूर उभे राहिले. तसें करणें त्यांना भागच होतें. कारण अशा मनुष्यानें वस्तीबाहेर राहावें व आपण अशुद्ध आहों असें ओरडून सांगावें, असा नियम लेवीयाच्या १३ व्या अध्यायांत आहे. वेशीबाहेर राहणें म्हणजे काय, हें आमच्या वाडवडिलांस कोणी नव्यानें सांगावयास नको होतें.

दुरूनच त्यांनीं दयेची याचना केली. प्रभूनें त्यांस याजकांकडे पाठविलें. कारण बऱ्या झालेल्यास शुद्ध ठरविण्याचा अधिकार याजकाचा होता. ते निघाले तेव्हां रोग अंगावर तसाच होता. वाटेनें चालतां चालतां ते शुद्ध झाले.

येथें देवाचें औदार्य पाहा. त्या दहांत एक शोमरोनी होता, ज्याच्या लोकांशीं यहूदी व्यवहार ठेवीत नसत. प्रभूनें त्याला वेगळा काढिला नाहीं. पुढें उपकार स्मराल काय, असेंहि कोणास विचारिलें नाहीं. नऊ जण परत आले नाहींत म्हणून त्यांचें आरोग्य काढून घेतलें, असें शास्त्रांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. देव कृतज्ञाच्या शेतावर एक आणि कृतघ्नाच्या शेतावर दुसरा, असा पाऊस पाडीत नाहीं.

मग त्या नऊ जणांचें चुकलें कोठें? ते तर आज्ञेप्रमाणेंच चालले होते. याजकाकडे जावयाचें, अर्पण करावयाचें, मग बायकामुलांस भेटावयाचें! पण दान हातीं आल्यावर त्यांना दात्याची आठवण राहिली नाहीं. मागें फिरण्याची आज्ञा त्या एकालाहि नव्हती. त्याच्या अंतःकरणानेंच त्याची वाट फिरविली. याचनेच्या वेळीं दहा कंठ होते. स्तुतीच्या वेळीं एकच उरला.

हें मी तुम्हांस सांगतों खरा, परंतु मीहि त्या नवांतलाच आहें. कांहीं वर्षांपूर्वीं माझें धाकटें मूल तापानें अत्यवस्थ झालें, तेव्हां मीं मंडळीपुढें उभें राहून प्रार्थनेची विनंती केली. मूल बरें झालें आणि मी आपल्या कामास लागलों. दोन महिन्यांनीं एक वृद्ध विधवा मला बाजाराच्या वाटेवर भेटली व म्हणाली, “पाळकसाहेब, लेकरू कसं हाय आतां? म्या रोज रातच्याला देवाला इनवते.” मला मिळून दोन महिने झाले होते, आणि ती बिचारी माझ्यासाठीं अजून मागतच होती! मागणें मीं सर्वांदेखत मागितलें होतें. उपकार मानणें मात्र राहूनच गेलें होतें. मीं टोपी काढिली आणि तिच्याबरोबर तेथेंच वाटेवर देवाचे आभार मानिले.

बंधूंनो, मृग कोरडा गेला म्हणजे आपलीं मंदिरें भरतात. रास घरांत आली म्हणजे तींच ओस पडतात. अनुवादाच्या २६ व्या अध्यायांत प्रथमफळांची टोपली आणणाऱ्यास आज्ञा आहे कीं, त्यानें आपला पूर्वज भटका होता व आपण मिसरांत दास होतों हें बोलून दाखवावें, आणि मग लेवी व परदेशी यांच्यासह आनंद करावा. मागचें स्मरण, देवापुढें टोपली आणि शेजाऱ्यासाठीं ताट, यांवांचून उपकारस्तुति पुरी होत नाहीं.

तर या आठवड्यांत प्रत्येकानें एवढें करावें. जिचें उत्तर मिळालें पण आभार राहिले, अशी एक प्रार्थना आठवावी. येत्या रविवारीं ती मंडळींत सांगावी. आणि ज्यांनीं आपल्यासाठीं गुडघे टेकिले त्यांच्या दारीं जाऊन त्यांसहि कळवावें. उशीर झाला म्हणून लाजूं नये. वाट अजून मोकळी आहे. तो शोमरोनी मागतांना दूर उभा होता. आभार मानावयास आला तेव्हां थेट प्रभूच्या चरणांपाशीं पोंचला. तेथवर आपण सर्व जण पोंचावें, अशी कृपा देव आपणांस देवो. आमेन.