पडावावर जन्मलेल्यांची वंशावळ

स्कॉटलंडमधल्या साध्या शेतमजुराच्या पणतूलाही आपलं कूळ बरंच मागे शोधता येतं. १८५५ पासून तिथे जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. तिच्यात आईचं माहेरचं आडनावही असतं. त्याआधीच्या पिढ्यांसाठी चर्चची दप्तरं आहेत. ती पुरी नाहीत. १७८३ ते १७९४ या काळात तर प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. तरीही भूमिहीनाचं नाव लिहायला एक वही होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

गुजरातमधल्या बारडोलीतही वह्या कमी नाहीत. पाटीदारांच्या पिढ्या वंशावळी राखणाऱ्या वहीवंचा बारोटांकडे, जमीन महसुलाच्या दप्तरात. १९२८ चा सत्याग्रह शेतसाऱ्यावरूनच झाला, त्यामुळे खातेदारांच्या नावांना इतिहासातही जागा मिळाली. त्यांच्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या हळपतींच्या नावावर ना जमीन ना खातं. मग त्यांचा पणजोबा कोणत्या दप्तरात शोधायचा?

हाच प्रश्न आता आपल्या माणसांचा आहे. दिवाळीच्या सुमारास नंदुरबार-धुळ्याकडचे कोयते बारडोलीला ऊस तोडायला जातात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उन्हाळ्यापर्यंत मुक्काम पडावावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या तळावर, आणि कित्येक बाळंतपणंही तिथेच. कायद्याने जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. म्हणजे नवापूरकडच्या बाळाचं नाव बारडोली तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत लागायला हवं. तिथला तलाटी या आईला ओळखत नाही, आणि गावी परतल्यावर तिथली पंचायत नोंद घेऊ शकत नाही. मूल दोन्हीकडून सुटतं.

पूर्वी शाळेच्या दाखल्यावर निभावून जायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना मात्र शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. वर्ष उलटलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. कोयत्यावरच्या बाईने त्यासाठी किती मजुरी बुडवायची?

वंशावळ ही खात्यापित्या घरांची हौस मानली जाते. मला ते मान्य नाही. आपण कुणाचे, हे सांगता येण्याचा हक्क ऊस तोडणाऱ्याच्या नातवालाही आहे. एकवीस दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. मुकादमांनी, कारखान्यांनी आणि त्या गावांच्या तलाट्यांनी येत्या हंगामात पडावावर जाऊन प्रत्येक बाळाचं, त्याच्या आईचं आणि तिच्या मूळ गावाचं नाव लिहून घ्यावं.