ऑप्शनला टाकलेला धडा

आमच्या चिरंजीवांची नीटची तयारी मोबाइलवर चालते. आत शिकवणारं जे कोणी बसलंय, त्याच्याकडे पोराची सगळी कुंडली आहे. कुठल्या गणितावर किती सेकंद अडला, कुठलं उत्तर बदललं, सारी नोंद. चुकला की सोपं गणित पुढे येतं, जमलं की जरा अवघड. ओरडणं नाही, शेजारच्या बंड्याचं उदाहरण नाही. एवढा संयम मला असता तर मी संतच झालो असतो!

परवा मात्र त्याने सल्ला दिला : रोटेशनल मोशन सोडा, जीवशास्त्र पक्कं करा. हिशेब चोख होता. १८० प्रश्नांत ९० जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा, गप्प बसल्यास शून्य. मी कॉमर्सवाला, मला पटलंच.

पोरगं म्हणालं, "बाबा, म्हणजे ते मला कधीच कळलं नाही तरी चालेल?"

आता काय सांगणार? कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तरी आम्ही तो सापडेपर्यंत बसतो. बँकेबाहेर मात्र मी अवघड ते सगळं ऑप्शनलाच टाकलं. पेटी, इंग्रजी संभाषण, सौभाग्यवतींशी वाद.

शेवटी रविवारी दोघंही पुस्तक उघडून बसलो. फिरता भोवरा लगेच का पडत नाही, यावर तास गेला. मला थोडं कळलं, त्याला बरंच.

मोबाइलने त्या तासापुढे 'गैरहजर' असं मांडलंय.