कातीव वाडग्याची किंमत

हाताने घडविलेल्या वस्तूची योग्य किंमत कोणती, हा प्रश्न बाजाराचा की सदसद्विवेकबुद्धीचा? आम्हांस वाटते, तो दोन्हींचा आहे. आणि म्हणूनच बहुधा दोन्हींकडून टाळला जातो.

हैदराबादेत नामपल्लीच्या मैदानावर दरसाल १ जानेवारीपासून नुमाइश भरते. १९३८ साली सुरू झालेल्या या प्रदर्शनात घासाघीस ही जणू रीतच आहे. कातीव लाकडी वाडगा गिऱ्हाईक उचलते, उलटा करून पाहते आणि निम्मी किंमत सांगते. त्या निम्म्यातून नेमके काय कमी करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

लाकूड तर फारसे महाग नसते. आंध्रातील एटिकोप्पाका गावचे कातारी ज्या झाडाचे लाकूड वापरतात तो आपल्याकडचा काळा कुडा. मऊ, पांढुरके, कातावयास सोपे लाकूड. किंमत असते ती वेळेची. ओले लाकूड सुकताना सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. म्हणून आज गोल कातलेला वाडगा काही दिवसांनी लांबट होतो, कधी तडकतो. काळजी घेणारा कारागीर प्रथम जाड काठाचा वाडगा काढतो (दहा इंची वाडग्याला सुमारे एक इंचाचा काठ), तो काही महिने सावलीत ठेवतो आणि मग पुन्हा लेथवर चढवून अखेरचा आकार देतो. त्या महिन्यांत त्याचे पैसे अडकलेले असतात आणि मुलांची फी मात्र थांबत नाही.

तेव्हा त्याने तडजोड करू नये, असे पोट भरलेल्या माणसाने सांगणे शोभत नाही. त्याने काठ जाड ठेवावा, नक्षी सोडावी, एकाच मापाचे शंभर वाडगे काढावेत. ओल्या लाकडाचा वाडगा विकावा, पण तो वाकेल हे सांगून विकावा. यात लबाडी नाही. लबाडी सुरू होते ती न दिसणाऱ्या जागी. भेगेत भुसा व डिंक भरून वर लाख फिरवली की उत्तम डोळ्यालाही काही कळत नाही. रंगाचेही तसेच. एटिकोप्पाक्यात सी. व्ही. राजू यांनी बिया, साली, मुळे यांपासून काढलेले रंग पुन्हा वापरात आणले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाजारी रंग वापरणे हा काही गुन्हा नव्हे. तो झाडपाल्याचा म्हणून विकणे हा आहे.

पवित्र शास्त्रात खोट्या तराजूचा निषेध आहे, हे आपण जाणतो. पण नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात गिऱ्हाईकही भेटते! माल वाईट म्हणून नावे ठेवायची आणि तोच घेऊन गेल्यावर बढाई मारायची, हा त्याचा धंदा. त्याच्यावर प्रवचन क्वचितच होते.

आणखी एका सज्जनाविषयी बोलले पाहिजे. समजा, लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ हौसेने वाडगे कातून मंडळीच्या सेलमध्ये लाकडाच्या किमतीत देतात. सारे त्यांची वाहवा करतात. तथापि बाहेर त्याच कामावर संसार चालविणारा कातारी त्यामुळे लुटारू ठरतो. पेन्शन ज्याला आहे त्याने आपले तास न मोजणे ही उदारता खरी, पण तिचे बिल शेजाऱ्याच्या घरी जाते. आमच्या मते त्या गृहस्थांनी मजुरी धरून पूर्ण किंमत घ्यावी आणि मिळालेले पैसे हवे त्याला द्यावेत.

पूर्ण किमतीला घेणार कोण, असे कोणी विचारील. थोडे लोक घेतील, हेच खरे उत्तर आहे. म्हणून शहाणा कातारी भोवरे, लाटणी, मिठाच्या वाट्या यांवर रोजचा बाजार भागवतो. दोनदा कातलेला मोठा वाडगा फळीवर राहतो, कधी वर्षभर. खाली बाकाजवळ पुढच्या वाडग्याचे लाकूड सुकत असते.