बाकावर ठेवलेले दप्तर

हैदराबाद शहरातील आबिड्स हा भाग बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्याला शाळांचा भाग म्हटले तरी वावगे होणार नाही. 1834 साली स्थापन झालेले सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल येथेच आहे. जवळच गनफाउंड्रीला 1855 सालचे ऑल सेंट्स व 1904 सालचे रोझरी कॉन्व्हेंट आहे. चॅपेल रोडवर मेथॉडिस्ट मिशनने मुलींसाठी काढलेली स्टॅन्ली शाळा आहे. दुपारी शाळा सुटल्या की नाना रंगांचे गणवेश रस्त्यावर येतात. ही मुले एकेकटी क्वचितच चालतात. त्यांचे घोळके असतात. नीट पाहिले तर एकाच गणवेशातही पाचसहा घोळके दिसतात. तेलुगू बोलणारी मुले एकीकडे, दखनी बोलणारी दुसरीकडे. मोटारीतून येणारी वेगळी, सिटी बसने येणारी वेगळी. क्रिकेटच्या संघातली एका बाजूला, पहिल्या पाचांत नंबर येणारी दुसऱ्या बाजूला. आणि ह्या सर्वांच्या मागे, दहा पावलांचे अंतर ठेवून, एखादे मूल एकटेच चालत असते. आज आम्हांला लिहावयाचे आहे ते ह्या दहा पावलांच्या अंतराविषयी.

काही वर्षांपूर्वी आमच्या शब्बाथ शाळेच्या वर्गात एक मुलगा येऊ लागला. वडिलांची बदली जालन्याहून हैदराबादेला झाली होती आणि आबिड्समधील एका शाळेत त्याला आठवीत प्रवेश मिळाला होता. तेलुगू त्याला येत नव्हते आणि इंग्रजी अडखळत येत होते. एका रविवारी धडा संपल्यावर तो मागे रेंगाळला. काय झाले, असे विचारताच म्हणाला, “सर, बाकावर जागा असते, पण तिथं दप्तर ठेवलेलं असतं. बसू का म्हणून विचारलं, की सांगतात, इथं कुणीतरी येणार आहे. तास संपतो, पण कुणी येत नाही.”

आम्ही त्याला काय सांगितले? जे कोणीही मोठे माणूस सांगेल तेच. “अरे, मिळूनमिसळून वागावे. आपण होऊन बोलावे. चार दिवसांनी सगळे ठीक होते.” त्याच्या पाठीवर हात ठेवला, प्रार्थना केली आणि घरी पाठविले. आपण चांगला सल्ला दिला, असे समाधानही आम्हांला वाटले.

आणि खरोखरच सर्व ठीक झाल्यासारखे दिसले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुलाचा चेहरा खुलला. त्याला मित्र मिळाले होते. त्याची आई आभार मानून गेली. पुढे नाताळच्या तयारीच्या वेळी त्याच शाळेत शिकणारी, त्याच्याहून लहान असलेली एक मुलगी सहज बोलून गेली की, दादाच्या वर्गात एक तोतरा मुलगा आहे आणि दादा त्याची हुबेहूब नक्कल करतो. सगळे पोट धरून हसतात. आता त्या तोतऱ्या मुलाशेजारी कोणी बसत नाही. म्हणजे आमच्या मुलाला जागा मिळाली होती खरी. पण त्या जागेची किंमत दुसऱ्याच कोणी तरी मोजली होती. बाकावरचे दप्तर आता त्याचे स्वतःचे होते.

त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही. आपले असे चार जण असावेत, असे वाटणे हेच मुळात पाप आहे काय?

आम्हांला तसे वाटत नाही. माणूस एकटा राहण्यासाठी घडलेला नाही. हैदराबादेतील मराठी माणसांना हे वेगळे सांगावयास नको. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि येथे राहिलेली मराठी कुटुंबे तेलुगू भाषकांच्या राज्यात अल्पसंख्य झाली. काचीगुडा, सुलतान बाजार, गौळीगुडा ह्या भागांत मराठी माणसे एकमेकांना धरून राहिली, शाळा व ग्रंथालय टिकवून राहिली, म्हणूनच भाषा टिकली. परक्या गावात आपली बोली कानावर पडताच जीव कसा निवतो, हे ज्याने अनुभवले आहे तो गटाची निंदा करणार नाही. आपल्या प्रभूनेही बारा जण निवडले होते, आणि त्या बारांतही तिघे अधिक जवळचे होते. तेव्हा जवळीक हा दोष नव्हे. पावसात चार माणसे एका छपराखाली उभी राहिली तर त्यांना कोणी दोष देत नाही. पाचवा भिजत आलेला पाहून जेव्हा ती चौघे खांद्याला खांदा भिडवून उभी राहतात, तेव्हा दोष उत्पन्न होतो. छप्पर तेच असते. त्याचे कुंपण झालेले असते.

हे कुंपण किती सहज उभे राहते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या घरची बहुतेक माणसे हिटलरच्या राजवटीत मारली गेली. माणसे ‘आपले’ आणि ‘परके’ अशी वाटणी का करतात, हा प्रश्न त्यांनी जन्मभर धरून ठेवला. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातील चौदापंधरा वर्षांची शाळकरी मुले होती. पडद्यावरचे ठिपके मोजणे, दोन चित्रकारांपैकी कोणाचे चित्र आवडते ते सांगणे, अशा क्षुल्लक गोष्टींवरून गट पाडले आहेत असे मुलांना सांगण्यात आले. वास्तविक वाटणी कशीही केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते. मग त्यांना इतर मुलांमध्ये थोडे पैसे वाटण्यास सांगितले. स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हते, तरी मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. एवढ्यावरच ते थांबले नाही. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटाहून अधिक मिळाले पाहिजे, अशी निवड पुष्कळ मुलांनी केली. कोणतेही जुने वैर नसता, नुसते नाव दिल्याने एवढे घडते! मग ज्या वर्गात भाषा वेगळी, घरची परिस्थिती वेगळी, डब्यातील जेवण वेगळे, तेथे काय होत असेल याची कल्पना करावी. आता तर मोबाइलवरही वर्गातल्या मुलांचे गट असतात, आणि त्यातून एखाद्याला काढून टाकावयास एक बोट पुरते.

परंतु आमच्या त्या मुलाला तोतऱ्या मुलाविषयी द्वेष वाटत होता काय? मुळीच नाही. पुढे त्याच्याशी बोललो तेव्हा त्याने मान खाली घालून एवढेच सांगितले, “सर, मी हसलो नसतो तर ते मला हसले असते.” ह्या वाक्यात अर्धे उत्तर आहे. आपण समजतो की, दुसऱ्याला बाहेर ठेवणारी मुले गर्विष्ठ असतात. काही असतीलही. पण बहुतेक भ्यालेली असतात. त्यांची स्वतःची जागा पक्की नसते. आज कोणी तरी बाहेर आहे म्हणून आपण आत आहोत, हे त्यांना पुरते ठाऊक असते.

आणि ही भीती केवळ आठवीतल्या मुलांची नाही. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातील प्रसंग आहे. पेत्र तेथे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसून जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडील काही मंडळी आली आणि तो हळूच मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी, फार काय बर्णबादेखील, उठून गेला. पेत्राचे मत बदलले नव्हते. पौल स्पष्ट सांगतो की, त्याला त्या लोकांचे भय वाटले. मंडळीचा आधारस्तंभ म्हणविणारा प्रेषित, आणि जेवणाच्या पंगतीत शाळकरी मुलासारखा वागला! हा प्रसंग शास्त्रात जसाच्या तसा ठेवला आहे, याबद्दल आम्हांला नेहमी कृतज्ञता वाटते. सी. एस. लुईस यांनी 1944 साली लंडनमधील किंग्ज कॉलेजात तरुणांपुढे ह्याच विषयावर व्याख्यान दिले होते. आतल्या वर्तुळात शिरण्याची ओढ ही अशी वासना आहे, की जी मुळात वाईट नसलेल्या माणसाकडूनही वाईट कृत्ये करवून घेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आमच्या मुलाने ते व्याख्यान वाचले नव्हते. तो ते जगत होता.

येथे आपण थोडे आपल्या घराकडे पाहू या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, सातारच्या शाळेत त्यांना वर्गातील मुलांमध्ये बसता येत नसे. कोपऱ्यात, वेगळ्या तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे. आणि शाळेचा नोकर त्या तरटाला शिवत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यावे व सकाळी परत आणावे लागे. दप्तराचा बाक आणि तरटाचा कोपरा एक नव्हेत. एक पोरांचा खेळ, तर दुसरी शतकांची व्यवस्था. दोन्ही एका तागडीत तोलणे हा त्या तरटाचा अपमान होईल. तरीही आपल्या मराठी मंडळ्यांतील कितीतरी घरांतील पणजोबांना त्या तरटाची ओळख होती. ज्यांच्या पूर्वजांना जागा नाकारली गेली, त्यांच्या मंदिरात तरी बाक मोकळे असावेत की नाही? आणि काय दिसते? उपासनेच्या आधी पर्स, शाल, गीतपुस्तक ठेवून जागा धरल्या जातात. उपासना संपल्यावर अंगणात तीच ती कुटुंबे, तेच ते नातेवाईक, एकाच गावाकडची माणसे आपापली वर्तुळे करून उभी राहतात. नवीन आलेले कुटुंब दरवाजाजवळ जरा वेळ थांबते, पाळकसाहेबांशी हात मिळविते आणि घरी जाते. आपली मुले हे पाहत असतात. दप्तर ठेवण्याची विद्या ती केवळ शाळेतच शिकतात असे नाही.

कोणी म्हणेल, मैत्री काय हुकमाने होते? सर्वांनी सर्वांचे मित्र व्हावे, हे कसे शक्य आहे? आक्षेप रास्त आहे. मैत्री मागून मिळत नाही आणि सांगून करता येत नाही. ज्याच्याशी सूर जुळतो त्याच्याशीच ती होते, आणि तसे असण्यात अन्याय नाही. परंतु मैत्री वेगळी आणि जागा वेगळी. मैत्री ही मर्जीची गोष्ट आहे. जागा ही हक्काची आहे. आमच्या वर्गातील प्रत्येक मूल दुसऱ्या प्रत्येक मुलाचे जिवलग होणार नाही. पण बाकावर बसण्यासाठी, खेळात घेतले जाण्यासाठी, बोलताना पुरते ऐकून घेतले जाण्यासाठी कोणाला आधी कोणाचे लाडके व्हावे लागू नये. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे बसण्याची जागादेखील मेहेरबानी होते, आणि मेहेरबानीने मिळालेली जागा टिकवण्यासाठी मूल वाटेल ते करते.

आमचा सल्ला चुकला तो येथेच. ज्याला जागा नव्हती त्यालाच आम्ही ती मिळविण्याच्या कामाला लावले. जे बसलेले होते त्यांना सरकावयास सांगितले नाही. त्याने आमचे ऐकले, मिळूनमिसळून वागला, आणि मिसळण्यासाठी जी किंमत पडली ती त्याने दुसऱ्याच्या खिशातून दिली.

मग शिक्षकांनी काय करावे? उपदेशाने फारसे साधत नाही, हे आपण सर्व जाणतो. 1971 साली अमेरिकेतील टेक्सस राज्यात ऑस्टिन येथे, गोऱ्या, काळ्या व मेक्सिकन घरांतील मुलांना प्रथमच एका वर्गात बसविले तेव्हा भांडणे सुरू झाली. एलियट अ‍ॅरन्सन ह्या मानसशास्त्रज्ञाने तेथे एक साधी युक्ती केली. पाचसहा मुलांचे मिश्र गट केले, धड्याचे तितकेच तुकडे केले आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा समजावयाचा तर प्रत्येकाचे ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हते. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाला हसणारी मुले थोड्याच दिवसांत त्याला धीराने प्रश्न विचारू लागली, कारण त्याच्याजवळचा तुकडा त्यांना हवा होता. हे शब्बाथ शाळेत करावयास पैसा लागत नाही. योसेफाची गोष्ट पाच भागांत वाटून द्यावी. खेळाचे संघ पाडताना दोन पुढाऱ्यांना मुले निवडू देऊ नयेत, चिठ्ठ्या टाकाव्यात. शेवटी उरणारे मूल दर वेळी तेच का असावे? आणि नव्या मुलाला ‘सर्वांशी ओळख करून घे’ असे सांगण्याऐवजी जुन्या मुलांपैकी दोघांना ‘तुमच्यामध्ये ह्याला घ्या’ असे नावानिशी सांगावे.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगून पुरे करतो. मोठा पालट झाला असे नाही. आम्ही त्याला रागावलो नाही. प्रथम आमचीच चूक त्याच्याजवळ कबूल केली. मग म्हणालो, “तुझे मित्र सोडू नकोस. फक्त तुझे दप्तर खाली ठेवत जा.” तो काही बोलला नाही. कित्येक आठवड्यांनी त्याने सांगितले की, तो तोतरा मुलगा एक दिवस शेजारी येऊन बसला. मित्रांपैकी दोघे दोन दिवस बोलले नाहीत, मग बोलू लागले. “आणि तो?” असे आम्ही विचारले. “तो काय, सर,” मुलगा म्हणाला, “त्याला गणित माझ्यापेक्षा चांगलं येतं.”

आबिड्स हे नाव, असे सांगतात की, सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या, बाहेरदेशाहून आलेल्या आबिद नावाच्या सेवकाच्या दुकानावरून पडले. बाहेरून आलेल्या एका माणसाला शहराने जागा दिली, आणि आता सारे शहर त्या जागेला त्याच्या नावाने ओळखते. येत्या रविवारी मंदिरात बसताना आपल्या शेजारी काय ठेवले आहे, ते आपणही एकदा पाहावे.