वर्गणीदार आणि भागधारक

एखाद्या वस्तूचे मोल किती, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला. पण मुळात तो नीतीचा आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात पादत्राणाचा दाखला दिला आहे. जोडा पायात घालता येतो, तसाच तो देऊन त्याच्या मोबदल्यात दुसरी वस्तूही घेता येते. उपयोग दोन्ही जोड्याचेच. मात्र जोडा घडवला जातो तो पायात घालण्यासाठी.

आज घरोघरी इंटरनेटवरून ज्या सेवा मासिक वर्गणी भरून घेतल्या जातात, त्यांच्या बाबतीत हा भेद विशेष जाणवतो. नेटफ्लिक्सचेच उदाहरण घेऊ. १९९७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ही कंपनी प्रथम टपालाने चित्रपटांच्या डीव्हीडी पाठवीत असे. १९९९ मध्ये तिने मासिक वर्गणीची पद्धत आणली, २००२ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, २००७ पासून ती इंटरनेटवरून चित्रपट दाखवू लागली आणि २०१६ मध्ये भारतात आली. नॅस्डॅक १०० या अमेरिकन निर्देशांकावर आधारलेल्या म्युच्युअल फंडात आपल्याकडचा एखादा नोकरदार दरमहा काही रक्कम गुंतवतो, तेव्हा तोही एका अर्थाने तिचा भागधारक होतो. संध्याकाळी तोच मनुष्य वर्गणीदार म्हणून तिचा चित्रपट पाहत बसतो.

या एकाच माणसाच्या ठायी मग दोन मने नांदू लागतात. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने भारतातील एका योजनेचा दर ४९९ रुपयांवरून १९९ रुपयांवर आणला, तेव्हा वर्गणीदार सुखावला. एप्रिल २०२२ मध्ये तिमाहीत सुमारे दोन लाख वर्गणीदार घटल्याचे जाहीर होताच शेअरचा भाव एका दिवसात सुमारे ३५ टक्क्यांनी कोसळला, तेव्हा भागधारक धास्तावला. ‘पासवर्ड वाटून घेणे म्हणजे प्रेम’ अशा आशयाचे वाक्य २०१७ मध्ये कंपनीनेच प्रसिद्ध केले होते. २०२३ मध्ये तिनेच घराबाहेरच्यांना पासवर्ड देण्यावर निर्बंध आणले. वर्गणीदाराने त्याला लोभ म्हटले, भागधारकाने न्याय. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण येथे एकाच माणसाच्या दोन खिशांना लागू पडते!

दोहोंपैकी खरे कोणाचे? दर वाढला म्हणजे अन्याय झाला, असे नव्हे. चित्रपट घडवणाऱ्यांच्या श्रमाचे दाम द्यायलाच हवे. ठरलेल्या अटी मोडून फुकट पाहणाराही दुसऱ्याचे घेतच असतो. तेव्हा पैसा किती मिळाला, यापेक्षा तो कशातून मिळाला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी यासंबंधी एक मार्मिक विचार मांडला. वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत नसेल, तर घेणाऱ्याला तिची फार गरज आहे एवढ्याच कारणाने त्याने किंमत चढवू नये. कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही आणि जे आपले नाही ते विकता येत नाही.

वर्गणीच्या व्यवहारात गरजेबरोबर आणखी एक गोष्ट विकली जाण्याचा संभव असतो. ती म्हणजे ग्राहकाचे विस्मरण. मंडईत भाजी घेताना आपण दर वेळी पैसे काढतो आणि दर वेळी विचार करतो. वर्गणीत विचार एकदाच होतो. पैसे मात्र दरमहा जात राहतात. संतुष्ट ग्राहक आणि विसरलेला ग्राहक हिशेबाच्या वहीत सारखेच दिसतात. मे २०२० मध्ये नेटफ्लिक्सने वर्षभर काहीही न पाहिलेल्या वर्गणीदारांना विचारणा करून, उत्तर न आल्यास त्यांची वर्गणी बंद करण्याचे जाहीर केले. याउलट, ग्राहकांना स्पष्ट संमतीवाचून प्राईम सेवेत ओढले आणि बाहेर पडण्याची वाट अवघड केली, असा दावा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनवर लावला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता २.५ अब्ज डॉलर देऊन तो मिटवला, त्यांपैकी १.५ अब्ज डॉलर ग्राहकांना परत करावयाचे ठरले. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून, कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी देणे बंधनकारक झाले.

कोणी म्हणेल, मूठभर शेअरच्या धन्याला कोण विचारतो? खरे आहे, कंपनीचे धोरण त्याच्या हाती नाही. परंतु आपला पैसा कोठे ठेवावा आणि कोणत्या नफ्याचा आनंद मानावा, एवढे तरी त्याच्या हाती आहे. दोन डगरींवर हात ठेवून उभा असलेला मनुष्यच खरे तर उत्तम न्यायाधीश होऊ शकतो, कारण त्याला दोन्ही बाजू ठाऊक असतात. वर्गणीदार म्हणून त्याने महिनाअखेर स्वतःला विचारावे, ‘या सेवेने माझ्या घराला काय दिले?’ आणि भागधारक म्हणून विचारावे, ‘जो पैसा मी जाणूनबुजून, आनंदाने दिला नसता, तो दुसऱ्याकडून मला का हवा?’ या दुसऱ्या प्रश्नाला जो नफा उत्तर देऊ शकेल, तोच स्वच्छ म्हणावा.