दयेचा सराव

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. पण हाच नियम दयेला लावावयाचे आपल्याला सुचत नाही. अंतःकरण चांगले असले की वेळ येताच हात आपोआप धावून जातो, असे आपण गृहीत धरतो. खरोखर तसे आहे काय?

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, देहूरोडजवळच्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार माणसे दगावली, पन्नासाहून अधिक जखमी झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी वाहिनी याच मावळ तालुक्यात सुदुंबऱ्याला आहे, हे आपले भाग्य. तरीसुद्धा अपघाताची पहिली काही मिनिटे कोणत्याही दलाची नसतात. ती जवळ उभ्या असलेल्या माणसांची असतात. हृदय बंद पडले तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात कोणती गाडी येऊन पोहोचणार?

जवळच्या माणसांपाशी दया पुष्कळ असते. पोहता न येणाराही बुडणाऱ्यामागे उडी घेतो. बुडणारा जिवाच्या आकांताने त्याला मिठी मारतो, आणि एकाच्या जागी दोन जीव जातात. मानेला मार बसलेल्याला चार भले लोक हातापायांना धरून उचलतात आणि दुखापत वाढवतात. त्यांच्या हेतूत खोट नसते; पण जखमी माणसाला नुसत्या हेतूचा काय उपयोग? म्हणून मला वाटते, दया ही अर्धी भावना आहे आणि अर्धी विद्या. विद्या म्हटली की शिकणे आले, आणि शिकण्यासाठी आधी वेळ ठरवणे आले.

मंडळाची मासिक सभा म्हणजे बहुधा इतिवृत्त, वर्गणी आणि चहा. त्यातलाच अर्धा तास काढावा. आपल्या गावाला धोका कशाचा, हे आधी पाहावे. देहूरोडला लोहमार्ग आहे, जुना मुंबई-पुणे रस्ता आहे, जवळ नदी आहे. मग दर सभेला एकच गोष्ट घ्यावी आणि ती प्रत्येकाने आपल्या हाताने करून पाहावी. एका महिन्यात पुतळ्यावर छातीचे दाब: मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. दुसऱ्या महिन्यात वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणे. तिसऱ्यात काठावरूनच दोर किंवा बांबू देणे. चौथ्या महिन्यात पुन्हा पहिला धडा, कारण न वापरलेली विद्या गंजते. शिकवायला एखादा डॉक्टर किंवा अग्निशामक जवान बोलवावा. आणि भरदुपारी घरोघर बहुधा स्त्रियाच असतात; त्यांना वगळून केलेली तयारी ती कसली?

कोणी म्हणेल, अशा कवायतीने करुणा यांत्रिक होते. देहूहून निघणाऱ्या पालखीपुढचा पखवाजवाला पाहा. वर्षानुवर्षे हात घासल्यामुळे त्याचा ताल चुकत नाही, म्हणून त्याची भक्ती उणी ठरते काय? उलट हात ताल सांभाळतात, म्हणूनच मन विठ्ठलापाशी राहते.

याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. शिक्षण माणसाला थांबायलाही शिकवते. हाताशी दोर नसताना, ११२ ला फोन लावून, काठावरून धीर देत उभे राहणे हे उडी घेण्याहून अवघड आहे. बघणारे त्याला भित्रा म्हणतील. पण स्वयंसेवकाचीही कोणीतरी घरी वाट पाहत असते. दयेच्या हिशेबात त्याचाही जीव धरला पाहिजे.

अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळाले आहे. भीतीची सबब कायद्याने काढून घेतली. अज्ञानाची सबब आपणच सोडली पाहिजे.

या दिवाळीत एखाद्या मुलाचा हात फुलबाजीने पोळला, तर हळद वा टूथपेस्ट न लावता तो वीस मिनिटे साध्या थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. एवढे जरी घरातल्या सर्वांनी आज ठाऊक करून घेतले, तरी पहिला धडा झाला. पुढचे धडे ज्याच्या उपयोगी पडतील, त्याचा चेहरा आपण अजून पाहिलेला नाही. त्याच्यासाठी महिन्यातला अर्धा तास देणे, हे मला कोणत्याही दानाइतकेच मोलाचे वाटते.