मधल्या जागेतला माणूस

ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडायला आमच्या घरी दोन माणसं लागायची. एक सीटवर आणि एक मध्ये. सीटवरचा मान वळवून ट्रॅक्टर मागे घ्यायचा. मधला माणूस ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यातल्या हातभर जागेत उभा राहून सांगायचा, "ये, ये, अजून जरा, बास." सीटवर कधी बाबा असायचे, कधी मी. मध्ये नेहमी मामा असायचे.

मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत. ते आमचे सालगडी. दर पाडव्याला त्यांचं साल ठरायचं. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. बाबा त्यांच्यापेक्षा वयाने लहान, तरी त्यांना 'अरे' म्हणायचे. ते बाबांना 'मालक' म्हणायचे आणि मला, मी चड्डीत शाळेला जायचो तेव्हापासून, 'दादा'. यात काही खटकण्यासारखं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

हा लेख ट्रॅक्टरला अवजार जोडणं सोपं कसं करावं याबद्दल आहे. तुम्ही म्हणाल, हा तर यूट्यूबवरच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओचा विषय. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. अवजार ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अडकतं, म्हणून या जोडणीला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात. खाली दोन लोखंडी दांडे असतात, त्या लोअर लिंक. वर मधोमध एक असते, ती टॉप लिंक. तिला फिरवून लांब-आखूड करता येतं. खालच्या प्रत्येक दांड्याच्या टोकाला आरपार भोक असलेला गोळा असतो. तो अवजाराच्या पिनवर चढवायचा आणि बाहेरून क्लिप लावायची. आधी डावा, मग उजवा, शेवटी टॉप लिंक. डावा आधी, कारण उजव्या बाजूची उंची कमी-जास्त करायला बहुतेक ट्रॅक्टरांना हँडल असतं, डाव्या बाजूला नसतं. सोडताना सगळं उलट.

ऐकायला सोपं आहे. पण कॅटेगरी दोनच्या अवजाराची खालची पिन २८ मिलिमीटर जाडीची असते आणि गोळ्याचं भोक तिच्याहून जेमतेम मोठं. म्हणजे दोन टनांचा ट्रॅक्टर मागे घेत घेत एवढ्याशा फरकात आणून बसवायचा. तोही सारख्या नसलेल्या जमिनीवर. डावा बसला की उजवा दोन बोटं कमी पडतो. उजवा जमला की टॉप लिंक पोचत नाही. रोटाव्हेटरचं वजन चारशे किलोच्या आसपास, तो हाताने सरकत नाही. मग मधला माणूस पहार लावतो, खांदा लावतो, दांडा पायाने ढकलतो आणि सीटवरच्याला सांगतो, "जरा पुढं घे. आता मागं."

२०१३ सालचा जून. माझी बारावी नुकतीच झाली होती. पहिला पाऊस होऊन गेला होता आणि रानाला वाफसा आला होता. काळ्या रानात वाफसा म्हणजे दोन-तीन दिवसांचा खेळ. ओल जास्त असली तर चिखल, उडाली तर ढेकळं. त्यामुळे सगळ्या शिवारात घाई असते. बाबा बियाणं आणायला गेले होते. सीटवर मी होतो.

मामांचा डावा हात गोळ्यावर होता. ते "बास" म्हणाले. मी ते ऐकलं. पण क्लच दाबेपर्यंत ट्रॅक्टर आणखी दोन बोटं मागे आला होता.

डाव्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं. मामा ओरडले नाहीत. गुडघ्यावर बसले, डोक्याचा पटका सोडून हाताला गुंडाळला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चूक माझीच हाय, दादा. हात काढाय पायजे होता."

दवाखान्याचा सगळा खर्च बाबांनी केला. पगारातला एक दिवसही कापला नाही. गावात लोक म्हणाले, मालक असावा तर असा. मलाही बाबांचा अभिमान वाटला. महिन्याभराने मामा परत कामावर आले, पुन्हा त्याच जागेत उभे राहिले आणि आता गोळा उजव्या हाताने धरू लागले. आम्ही दुसरं काहीही बदललं नाही. कुणी काही बदलावं असं म्हटलंही नाही. मामांनीसुद्धा नाही.

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला तिच्यातून मदत मिळते. मामांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं. एक पेर त्या योजनेत बसलं असतं का, हा भाग वेगळा. मला खुपतं ते हे, की आमच्या शेतात ज्याचा हात सगळ्यात जास्त वेळ लोखंडाजवळ असायचा, तो माणूस कागदावर शेतकरी नव्हता.

२०१६ च्या पाडव्याला मामांनी साल धरलं नाही. ते मुलाकडे लातूरला राहायला गेले. त्यानंतर कुणी दोन महिने टिकलं, कुणी एक हंगाम. मी पुण्यात नोकरीला लागलो. मग २०२० चा लॉकडाऊन आला आणि मी लॅपटॉप घेऊन गावी परतलो. मे महिन्यात मशागतीला माणूस मिळेना. बाबा सीटवर बसले आणि मला म्हणाले, "तू मागं थांब."

त्या दिवशी मी पहिल्यांदा मधल्या जागेतून ट्रॅक्टर पाहिला. सीटवरून तो आपल्या हातातला असतो. मधून तो अंगावर येणारी भिंत वाटतो. दोन्ही बाजूंना छातीएवढी टायरं, मागे रोटाव्हेटरची पाती, इंजिनचा आवाज आणि त्या आवाजात बुडणारा आपला आवाज. मी "बास" म्हणालो आणि बाबा थांबेपर्यंत ट्रॅक्टर जेवढा सरकला, तेवढ्यात मला २०१३ चा जून आठवला. माझ्या पायाला किती वेळ लागला असेल ते मला मधून कळलं.

आठ दिवसांच्या आत मी सगळं बदललं. शेडसमोर सिमेंटची सपाट पट्टी ओतून घेतली आणि अवजारं तिच्यावर एका ओळीत लावली, म्हणजे ट्रॅक्टर सरळ मागे घेता येतो. प्रत्येक अवजार सोडताना त्याला स्टँड किंवा लाकडी ठोकळा द्यायचा, म्हणजे पिना लिंकच्या उंचीवर राहतात. टॉप लिंकवर प्रत्येक अवजाराच्या मापाची रंगाची खूण केली. गोळे साफ करून ग्रीस लावलं. लोअर लिंकला टेलिस्कोपिक टोकं बसवून घेतली. खटका दाबला की टोक वीतभर बाहेर येतं, थोडं डावं-उजवंही होतं. ते पिनवर चढवायचं, क्लिप लावायची, सीटवर जाऊन ट्रॅक्टर हळूच मागे घ्यायचा, की टोक आपोआप आत सरकून अडकतं. ट्रॅक्टर दोन बोटं इकडे-तिकडे थांबला तरी चालतं.

आणि एक नियम केला. ट्रॅक्टर हलत असताना मध्ये कुणी थांबायचं नाही. सीटवरच्याने गाडी न्यूट्रल करायची, इंजिन बंद, ब्रेक लॉक आणि स्वतः उतरून जोडायचं.

सगळा खर्च दहा हजारांच्या आत झाला. नियमाला तर काहीच लागलं नाही.

यातलं काहीही मी शोधून काढलेलं नव्हतं. टेलिस्कोपिक टोकं परदेशात जुनी झाली होती. सपाट जमीन, ठोकळा, रंगाची खूण, इंजिन बंद करणं, हे २०१३ मध्येही होतं. मामांचा हात चिरडला त्याच्या दुसऱ्या दिवशी हे करता आलं असतं. सात वर्षांत फक्त एवढंच बदललं होतं, की आता मधला हात माझा होता.

या जोडणीचा इतिहासही मला याच अंगाने वाचावासा वाटतो. उत्तर आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रॅक्टरच्या नांगरटीत सुधारणा करण्याच्या मागे लागला. तेव्हाचे ट्रॅक्टर नांगर बैलगाडीसारखा मागून ओढायचे. नांगर दगडाला किंवा मुळाला अडला की चाकं फिरत राहायची, पुढचा भाग वर उचलला जायचा आणि कधी कधी ट्रॅक्टर उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर पडायचा. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी पक्का जोडला आणि हायड्रॉलिकने उचलता येईल असा केला. आता नांगर अडला तरी वरच्या लिंकमुळे ट्रॅक्टरचं तोंड खालीच दाबलेलं राहू लागलं. १९३६ मध्ये त्याचा ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ मध्ये फोर्डच्या कारखान्यातून तीच जोडणी असलेला ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. पुढे तो करार मोडला, कोर्टकचेरी झाली, १९५२ मध्ये तडजोड झाली. पण ही जोडणी जगभर रुळली. आज आपल्या गावातल्या ट्रॅक्टरमागेही तीच असते.

म्हणजे थ्री पॉइंट लिंकेज मुळात जीव वाचवणारी गोष्ट आहे. तिने सीटवरच्या माणसाला वाचवलं. पण आमच्यासारख्या घरांत धोका सीटवरून खाली उतरला आणि मधल्या जागेत जाऊन उभा राहिला. तिथे तो इतकी वर्षं निवांत राहिला, कारण तिथे उभं राहणाऱ्याच्या हातात पैशाची पिशवी नव्हती.

बाबांशी माझा यावर वाद झाला. त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही, म्हणून नीट मांडतो. पहिलं, अवजार जोडणं ही कला आहे. चांगला ड्रायव्हर एका दमात ट्रॅक्टर पिनेला नेऊन लावतो. सगळं सोपं केलं तर ही नजर कुठून येणार? दुसरं, सोय माणसाला गाफील करते. सीटवरून न उतरता अडकणारे कपलर मिळतात, पण त्यांचा खटका नीट बसलाय का हे पाहिलं नाही तर अवजार रस्त्यात सुटून पडू शकतं. शिवाय कपलरमुळे अवजार थोडं मागे सरकतं, मग पीटीओ शाफ्टची लांबी पुन्हा तपासावी लागते. तिसरं, आणि हे त्यांनी सगळ्यात हळू आवाजात सांगितलं. "दोन माणसांचं काम एकानं व्हायला लागलं की दुसरा घरी बसतो. मामाला तू वाचवलं असतंस, का कामावरनं काढलं असतंस?"

पहिल्या दोन मुद्द्यांवर माझं उत्तर तयार होतं. अवघड गोष्टी दोन प्रकारच्या असतात. एक शिकवते, दुसरी नुसती खाते. सरळ मागे घेण्याची नजर शिकवते आणि ती सिमेंटच्या पट्टीवरही लागतेच. गोळा आणि पिन यांच्यातलं बोट काहीच शिकवत नाही. तिथे जे जातं ते फी म्हणून जात नाही, नुसतंच जातं. आणि दुसऱ्याच्या अंगावर पडणाऱ्या कष्टाला कला म्हणण्याआधी आपण एकदा तिथे उभं राहून बघावं. बाबांना ही कला सीटवरून दिसत होती. मलाही.

सोय गाफील करते हे खरं आहे. म्हणून खटका हाताने हलवून बघायचा. सोयीलाही तिची शिस्त असते.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. आम्हाला मधल्या माणसाची गरज उरली नाही हे खरं आहे. मामा आज असते तर आम्ही त्यांचं साल धरलं असतं का, मला खात्रीने सांगता येत नाही. पण एवढं कळतं, की कुणाला काम मिळावं म्हणून त्याचं बोट पणाला लावणं ही मदत होत नाही. कामाचा प्रश्न खरा आहे आणि तो स्वतंत्रपणे सोडवावा लागेल. मधल्या जागेचा धोका तसाच ठेवल्याने तो सुटत नव्हता. आपण फक्त दोन्ही प्रश्न एकाच माणसावर टाकून मोकळे होत होतो.

आता मी कुठेही "चालतंय की" हे ऐकलं की थबकतो. गटार साफ करणाऱ्याच्या बाबतीत, इमारतीच्या परातीवर उभ्या असलेल्या रंगाऱ्याच्या बाबतीत, दहा मिनिटांत डबा आणून देणाऱ्या पोराच्या बाबतीत. चालतंय, हे बहुतेक वेळा सीटवरचा माणूस म्हणत असतो. मी पुण्यात ॲपवरून जेवण मागवतो तेव्हा सीटवर मीच असतो.

गेल्या दिवाळीत मामा गावी आले होते. मी त्यांना मुद्दाम शेडकडे नेलं. एकट्याने रोटाव्हेटर जोडून दाखवला. पाच-सहा मिनिटं लागली. मामा पट्टीच्या कडेला उभे होते. सवयीने दोनदा पुढे आले, दोनदा मीच त्यांना थांबवलं. मग त्यांनी खाली बसून खटका दाबून पाहिला, टोक ओढून बाहेर काढलं, परत आत सारलं. डाव्या हाताने, त्या अर्ध्या बोटासकट.

"झ्याक हाय," म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "हे तवा मिळत नव्हतं का, दादा?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता.

"मिळत होतं, मामा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. उठले, हाताचं ग्रीस धोतराच्या कडेला पुसलं आणि विचारलं, "सोयाबीनला यंदा काय भाव आलाय?"